पुलापासून शाळेपर्यंत

१४ मार्च २०१८

डेन्झिल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच टाकून देशील, हे धरूनच लिहायला बसले आहे. तरी लिहिते, कारण ही बातमी तुला गावच्या पेपरातून कळू नये. तू तो पेपर अजून अ‍ॅक्रनला टपालाने मागवतोस, हे पेपरच्या कचेरीतल्या बाईने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.

तर बातमी अशी. गेल्या शुक्रवारी विधानसभेने ठराव मंजूर केला. पुलापासून शाळेपर्यंतच्या साडेतीन मैल हायवेला हॉबर्टचं नाव देणार. दोन पाट्या लागतील, एक इकडच्या टोकाला, एक तिकडच्या. मधे काय येतं ते तुला माहीत आहे. मी ते लिहीत नाही.

मी मागितलं नव्हतं. हॉबर्टला जाऊन दीड वर्ष होऊन गेलं, त्यानेही कधी मागितलं नसतं. हे सगळं कोल्बी हेफ्नरचं डोकं. विधानसभेत आता आपल्याकडून तो जातो. चौतीस वर्षांचा आहे, पण मला आता सगळेच पोरसवदा वाटतात. जानेवारीत घरी आला, दोन तास बसला, केकचे तीन तुकडे खाल्ले आणि हॉबर्टच्या आठवणी मागायला लागला. ठरावात घालायला. मी म्हटलं, "लिही की. बावीस वर्षं काउंटी कमिशनर होता, नळाचं पाणी आणलं, अँब्युलन्स आणली, रस्ता आणला."

"ते झालंच हो," तो म्हणाला, "पण जरा काळजाला हात घालणारं काही सांगा ना."

मी त्याला चौथा तुकडा वाढला.

टोन्याला फार आनंद झालाय. बापाची लेक आहे ती. पाटीचा नमुनाही तिनेच बघून पसंत केला. 'कमिशनर हॉबर्ट स्टार्चर स्मृतिमार्ग' एवढं सगळं एका ओळीत मावत नाही म्हणून त्यांनी 'कमिशनर' काढून टाकायचं म्हटलं, तर ही त्यांच्याशी आठवडाभर भांडली. मला विचारशील तर मी थकले आहे. रोज कुणीतरी फोन करतं, अभिनंदन करतं, मग स्वतःच्या गुडघ्यांचं सांगतं, मग माझ्या गुडघ्यांचं विचारतं.

कार्यक्रम सहा ऑक्टोबरला आहे. तोवर पानं रंगलेली असतात, फोटो चांगले येतात म्हणे.

तुला कळवायचं होतं, कळवलं.

ग्लेना


२३ एप्रिल

डेन्झिल,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे मला नव्हे, पेपरला. पहिल्या पानावर चौकटीत छापलंय, तुला अंक आलाच असेल.

"ज्या माणसाचं नाव तुम्ही तिथे लावताय, त्याने माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरावर डांबर ओतलं. ओढ्याच्या उत्तर काठाला त्याचं घर होतं, दक्षिण काठाला माझं. रस्ता कुठल्या काठाने गेला आणि कुणाचं घर अजून उभं आहे, ते जाऊन बघा. मी त्याचा मेव्हणा होतो."

'होतो' लिहिलंस. मी तो शब्द दोनदा वाचला.

पेपर आला त्याच शनिवारी अग्निशमन केंद्रात दर वसंतातलं रानलसणाचं गावजेवण होतं. जावंसं वाटत नव्हतं, पण गेले नसते तर लपून बसली म्हणाले असते. बटाट्यांच्या रांगेत उभी होते, तर मागून एक बाई म्हणाली, "ग्लेना, तुझ्या भावाने हॉबर्टला चांगलाच धुतलाय की गं!"

"हॉबर्ट आयुष्यभर स्वच्छ होता," मी म्हटलं. "जास्त धुऊन काय निघणार?"

सगळे हसले. मीही हसले. मग ताट तसंच झाकून घरी घेऊन आले.

तू म्हणतोस ते खोटं नाही. पण थोडं माझंही ऐकून घे. तुला आठवतं ना जुना रस्ता? हॉस्पिटल सव्वा तासावर होतं, डोंगराला वेढे घालत. बाबांना नेताना दुसऱ्या खिंडीपाशीच संपलं सगळं. मागच्या वर्षी शाळेच्या बसड्रायव्हरला हृदयविकाराचा झटका आला, तो पंचवीस मिनिटांत हॉस्पिटलात होता. परवा त्यानेच मला लसूण वाढला. हॉबर्टने ते केलं. राजधानीच्या खेपा घातल्या, स्वतःच्या गाडीने, साहेब भेटेपर्यंत बाकड्यावर बसून. कुठून तरी जाणारच होता ना रस्ता? कुणाचं तरी घर जाणारच होतं. तुला सरकारी दराने मोबदला मिळाला, इतरांना मिळाला तोच.

हे वाचून तुझं डोकं फिरेल, कळतं मला. टोन्या तर म्हणते, मामाला वकिलाची नोटीस पाठवू. मी तिला गप्प केलं. कोल्बीचाही फोन आला होता. "घरातलं घरात मिटलं तर बरं होईल," म्हणाला.

घरातलं घरातच आहे म्हटलं, एकोणतीस वर्षं.

ग्लेना


२९ मे

डेन्झिल,

काल मेमोरियल डे. आपल्या टेकडीवर, आई-बाबांच्या थडग्यांवर फुलं ठेवून आले. पिओनी यंदा लवकर फुलल्या आणि लवकर गळाल्या, म्हणून दुकानातली घेतली. तुझ्याही नावाने ठेवली. विचारलं नाही त्याबद्दल माफ कर.

परत आले तर ओसरीवर एमरी टेनी बसलेला. आठवतो ना? रस्त्याच्या मोजणीवर होता, लाल खुंट्या ठोकत फिरायचा. एकदा तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्यात खुंटी ठोकली म्हणून नॉर्मा त्याच्यामागे झाडू घेऊन धावली होती. आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. नाकात ऑक्सिजनची नळी, बरोबर चाकांवरचं नळकांडं. तुझं पत्र वाचून आला होता.

"ग्लेना," तो म्हणाला, "डेन्झिलला सगळं माहीत नाही. आणि मी आता फार दिवसांचा नाही, म्हणून बोलतो. दोन रेघा होत्या ना नकाशावर, उत्तर काठाची आणि दक्षिण काठाची. साहेबांना दोन्ही सारख्याच. ते म्हणाले, काउंटीचं मत काय असेल ते कळवा, तसं करू. तर हॉबर्टने एप्रिलातच लिहून दिलं होतं. उत्तर काठ. माझं घर गेलं तरी चालेल, असं स्वतःच्या हाताने. मी बघितलंय ते पत्र."

मी त्याच्यासमोर पायरीवर बसले.

"दुसऱ्याच दिवशी आला आणि ते पत्र परत घेऊन गेला. तोंडातून एक शब्द नाही. नोव्हेंबरात दुसरं दिलं. दक्षिण काठ." एमरीने दम घेतला. "मधे काय झालं गं?"

"एमरी, तीस वर्षं झाली त्याला," मी म्हटलं. "गार चहा घेतोस?"

त्याने घेतला. जाताना म्हणाला, "मला पाटीला हात लावून शपथ घ्यायला सांगितली तरी मी हेच सांगीन."

म्हणून तुला लिहिते. हॉबर्टने आधी आपलं घर द्यायचं ठरवलं होतं. तू त्याला स्वतःचं छप्पर वाचवणारा म्हणतोस ते तसं नव्हतं, एवढं तरी तुला कळावं. पुढे त्याचं मत बदललं. उत्तर काठाला पुराची भीती जास्त, असं काहीतरी कारण निघालं होतं. इतक्या वर्षांनी नीट आठवत नाही.

तब्येत सांभाळ.

ग्लेना


२ जुलै

डेन्झिल,

तुझं कार्ड आलं. एकोणतीस वर्षांत तुझं पहिलं अक्षर आणि शब्द चार. "मग बदललं कुणी, ग्लेना?"

पुराचं मी लिहिलं ते खोटं आहे. मला सगळं नीट आठवतं.

हॉबर्टने ते पत्र दिलं आणि दुपारी जेवायला घरी आला. बीन्स आणि कॉर्नब्रेड होतं. जेवून झाल्यावर म्हणाला, "मी लिहून दिलंय. आपलं घर जाईल. कमिशनर मी आहे ग्लेना, मेव्हण्याच्या डोक्यावरून रस्ता नेऊन स्वतः पलीकडे बसलो तर तोंड कुठे दाखवू? वरच्या बाजूला दुसरं बांधू आपण."

आई पुढच्या खोलीत होती. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेलेली. तू दर रविवारी येऊन तिला उचलून खिडकीशी बसवायचास.

मी म्हटलं, "आणि हिला कुठे नेऊ? हलवलं तर आठवडाभर नाही काढायची. डॉक्टरच म्हणाले."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. पण हॉबर्टचा आईवर जीव होता, आणि मी कधी खोटं बोलेन असं त्याला वाटत नसे. तो ताटाकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी जाऊन पत्र परत घेऊन आला.

इथवर तू मला कदाचित माफ करशील. आईचं होतं, म्हणशील. पण आई जुलैत गेली. मत द्यायला नोव्हेंबरपर्यंत वेळ होता.

तिला पुरून तीनेक आठवडे झाले असतील. मागच्या पायऱ्यांवर बसून आम्ही शेंगा मोडत होतो. हॉबर्ट म्हणाला, "आता काय करू, ग्लेना? अजून वेळ आहे."

मी म्हटलं, "राहू दे आता तसंच."

"डेन्झिलचं घर जाईल."

"त्याच्या हातात कसब आहे," मी म्हटलं. "तो दुसरं बांधेल."

तेवढंच बोलणं झालं. मी भांडले नाही, रडले नाही. शेंगा मोडत होते. कुणी मला भाग पाडलं असतं, मला कसली भीती वाटली असती, तर आज ते तुला लिहिता आलं असतं. तसं काही नव्हतं. मला घर हवं होतं. लग्न होऊन आल्यापासून मी त्या घराच्या मागे होते, त्याच वर्षी स्वयंपाकघराला नवी कपाटं केली होती, फिकट पिवळी. ती कपाटं मोडतील हे मला सहन होत नव्हतं. तुझं घर तू एकेक फळीला रंधा मारून बांधलं होतंस हे मला माहीत होतं. नॉर्माने खिडकी मुद्दाम ओढ्याकडे घेतली होती, भांडी घासताना पाणी दिसावं म्हणून. तेही माहीत होतं.

काउंटीच्या सभागृहात तू उभा राहिलास आणि सगळ्यांसमोर त्याला चोर म्हणालास. मागून कुणीतरी ओरडलं, "तुला रस्ता हवा की कोंबड्या?" आणि अख्खं सभागृह हसलं. हॉबर्ट हसला नाही. "निर्णय माझा आहे," म्हणाला. मी तिसऱ्या रांगेत होते. नॉर्मा माझ्याकडे बघत होती. मी माझ्या हातमोज्यांकडे बघत होते.

त्याने हे मला कधी बोलून दाखवलं नाही. रागाच्या भरातसुद्धा नाही. फक्त तू गेल्यावर हरणांच्या शिकारीला जायचं बंद केलं. मोसम आला की मित्र बोलवायला यायचे, तो म्हणायचा, पाठ दुखते. एका वर्षी बंदूक विकून टाकली. मी का म्हणून विचारलं नाही.

तुझा राग त्याच्यावर होता. तो इकडे फिरव.

ग्लेना


१० सप्टेंबर

डेन्झिल,

दोन महिने टपालाची गाडी आली की मी फाटकापर्यंत जाऊन येत होते. आज तुझं पत्र आलं. उभ्यानेच वाचलं.

"आईसाठी म्हणून मागितलं असतंस तर मीच दिलं असतं. त्याच दिवशी, सही करून. तू मला विचारलंच नाहीस." हे वाक्य मी पुरतं वाचूनही अजून वाचते आहे. तू दिलं असतंस. मला तेव्हाही माहीत होतं की तू दिलं असतंस. म्हणूनच विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आई गेल्यावर ते तुला परत करावं लागलं असतं.

जुलैनंतरचं काय करायचं ते तुला कळत नाही म्हणतोस. मलाही कळत नाही. कळलं तर मी आधी तुला सांगीन असंही म्हणवत नाही, इतकी वर्षं मला जे कळत होतं तेच मी तुला सांगितलं नाही.

आणि शेवटी लिहिलंस, "मला एकट्याला सांगून काय उपयोग? जे हसले त्यांना सांग."

त्यातले निम्मे गेले, डेन्झिल. उरलेले सहा ऑक्टोबरला येतील.

सांगते.

ग्लेना


८ ऑक्टोबर

डेन्झिल,

परवा कार्यक्रम झाला. तू पेपरात वाचशीलच, पण पेपरवाल्यांनी माझं बोलणं किती छापलं आहे कुणास ठाऊक. म्हणून मी लिहिते.

शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. दीडशे तरी माणूस होतं. शाळेचा बँड, झेंडे, लांब टेबलावर हॅमचे सँडविच आणि पेपरोनी रोल. कोल्बीने अख्खा ठराव वाचला. मग टोन्या बोलली, छान बोलली, बाबा तिला मासे पकडायला न्यायचा ते सांगितलं. मग कोल्बी म्हणाला, "आता श्रीमती स्टार्चर दोन शब्द बोलतील." टोन्याने मला एक कागद लिहून दिला होता, आभाराचा. तो मी उघडलाच नाही.

मी काय बोलले ते जसंच्या तसं सांगते, फार नव्हतं. म्हटलं, "एकोणतीस वर्षांपूर्वी काउंटीच्या सभागृहात माझा भाऊ डेन्झिल कोगर उभा राहिला आणि तुम्ही त्याला हसलात. मी पण तिथे होते. त्याचं बरोबर होतं. फक्त त्याने नाव घेतलं तो माणूस चुकीचा होता. हॉबर्टने आमचं घर द्यायचं लिहून दिलं होतं. ते मी परत घ्यायला लावलं. आधी आईचं निमित्त करून, आणि आई गेल्यावर काहीच निमित्त न करता. डेन्झिलचं आणि नॉर्माचं घर माझ्यामुळे गेलं. हॉबर्टने ते आपल्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. पाटीवर त्याचं नाव शोभतं की नाही ते तुम्ही ठरवा, मी त्याची बायको आहे, मला विचारू नका. पण डेन्झिलला हसलात ते परत घ्या."

आणि खाली बसले. गुडघा लचकला म्हणून कोल्बीने हात दिला.

मला वाटत होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. मग कुणीतरी एकाने टाळी वाजवली, बाकीच्यांनीही हळूहळू वाजवली, भाषणानंतर वाजवायची असते म्हणून. एमरी तेवढा नळकांडं धरून उभा राहिला आणि टोपी काढली. बँड सुरू झाला. दोघांनी दोरी ओढली आणि पाटीवरचं कापड वाऱ्याने अडकलं, ते काठीने काढावं लागलं.

सँडविचच्या टेबलापाशी एक म्हातारा माझ्याजवळ आला. मागच्या रांगेत कोण ओरडलं होतं ते मला कधी कळलं नव्हतं. तो म्हणाला, "कोंबड्यांचं ते मी म्हणालो होतो, ग्लेना. त्याला सांग, मला आठवतं." डोळे पुसले आणि रोल घेऊन गेला. दुसरी एक जण मैत्रिणीला म्हणाली, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने, "वय झालं की असं होतं गं. माझी सासू पण काय काय कबूल करायची."

टोन्याने मला गाडीत बसवलं, पट्टा लावला. मग म्हणाली, "आजच का, आई? बाबाच्या दिवशी?"

"त्याचाच दिवस होता म्हणून," मी म्हटलं.

"तुला मोकळं वाटलं असेल आता."

"नाही गं," मी म्हटलं. "पाय दुखतायत."

तिने मला घरी सोडलं. आत आली नाही. येईल, तिला वेळ लागतो. आपल्या घराण्याचंच रक्त आहे.

तू सांगायला सांगितलं होतंस, सांगितलं. त्याने तुला काही मिळालं की नाही ते मला माहीत नाही.

ग्लेना


५ नोव्हेंबर

डेन्झिल,

तुझं पत्र शनिवारी आलं.

नॉर्मा गेल्याचं सात वर्षांपूर्वी मी पेपरातच वाचलं होतं. तिला तिकडेच कुठेतरी पुरली असेल, असं मी धरून चालले होते. तिची रक्षा तू इतकी वर्षं घरात, फ्रिजवर ठेवली आहेस, हे वाचून मी खुर्चीवर बसले. "तिला तिकडच्या मातीत ठेववेना, आणि आपल्या टेकडीवर जायचं तर वाट तुझ्या अंगणातून." असं लिहिलंस. वाट माझ्या अंगणातून जाते म्हणून. मला हे एकदाही सुचलं नाही. दर वर्षी फुलं घेऊन त्याच वाटेने वर जात होते.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एकेक करून उत्तर देते.

टेकडीवर जागा आहे का? आहे. आईच्या डाव्या हाताला, मेपलखाली, दोन आहेत. एक मी स्वतःसाठी ठेवली होती, एक टोन्यासाठी. हॉबर्ट सैनिकांच्या दफनभूमीत आहे, तिथे बायकोला जागा देतात, मी तिकडे जाईन. टोन्याला सांगितलं. ती पहिल्यांदाच इतक्या दिवसांत फोनवर बराच वेळ बोलली. म्हणाली, "मामीच्या हातच्या लोणच्याची बरणी मला आठवते." तर त्या दोन्ही जागा आता नॉर्माच्या आणि तुझ्या. काउंटीच्या नोंदणीत जाऊन कागद करून आणला आहे, सोबत पाठवते. नीट ठेव.

दुसरं, वर घेऊन जाण्याआधी तिला जुन्या घराच्या जागी थोडा वेळ न्यायचं आहे म्हणालास, आणि तिथे गाड्या साठ-सत्तरच्या वेगाने जातात, थांबता येईल का. मी शेरीफच्या कचेरीत फोन केला. अंत्ययात्रेसाठी ते रस्ता थांबवतात. सतरा तारखेला, शनिवारी, सकाळी अकराला त्यांची एक गाडी पुलापाशी आडवी लागेल आणि एक शाळेपाशी. दहा मिनिटं म्हणाले. मी म्हटलं, बघू. तुला जास्त लागली तर हात वर कर, ते थांबतील, माझं बोलणं झालं आहे. लाकडाचे ट्रकवाले कुरकुर करतील, करू देत.

तिसरं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात असणार, नेमकी जागा कशी कळणार. तिथे आता ओळखीचं काही उरलेलं नाही, झाडसुद्धा नाही. एमरीकडे त्याची मोजणीची जुनी वही आहे. गेल्या बुधवारी त्याला गाडीत घालून नेलं. तो काठीने दाखवत होता आणि रस्त्याच्या कामावरची दोन माणसं फीत धरून मोजत होती. तुझ्या स्वयंपाकघराचा मागचा अर्धा भाग डांबराखाली आहे, पण खिडकीची बाजू कडेच्या खडीत येते. एमरी म्हणाला, फूटभर इकडे तिकडे होईल, त्याहून जास्त नाही. तिथे नारिंगी रंगाने फुली केली आहे. पाऊस झाला तर पुसली जाईल म्हणून मी आदल्या दिवशी जाऊन पुन्हा करीन. फुलीवर उभा राहिलास की ओढा दिसतो. मी उभी राहून बघितलं.

पाटीखालून यावं लागेल. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

मी कुठे असावं, ते तू ठरव. तुला मी समोर नको असेन तर सकाळीच टोन्याकडे निघून जाईन. फाटक उघडं ठेवीन. खड्डा खणून ठेवलेला असेल, फावडं मेपलला टेकवलेलं असेल, माती कोरडी राहावी म्हणून वर ताडपत्री आहे. मी असलेली चालणार असेन तर काही लिहू नकोस, लिहायला तुला त्रास होतो हे मला माहीत आहे. पत्र आलं नाही तर मी वर टेकडीवर, जरा लांब उभी राहीन.

ग्लेना